मुलांना घेऊन कोल्हापूरला राहायला येतोय: पेठेत घर घ्यावं की उपनगरात?

खाडीकाठची

नमस्कार मंडळी. येत्या मे महिन्यात आम्ही ठाणं सोडून कोल्हापूरला राहायला येतोय. नवरा वकील आहे. ऑगस्ट 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं आणि सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरीकडची त्याची बरीचशी कामं तिकडे गेली. तेव्हापासून आठवड्यातले निम्मे दिवस तो कोल्हापुरात लॉजवर असतो. मुलांना असं अर्धं घर द्यायचं नाही, हे आम्ही दोघांनी ठरवलं. मी घरूनच काम करते, त्यामुळे माझा प्रश्न नाही.

मुलगी जूनमध्ये सहावीत जाईल, मुलगा पहिलीत. सासूबाई बरोबर असणार, त्यांचे गुडघे दुखतात. आम्हा दोघांचंही कोल्हापुरात कुणी नाही. भाड्यानं तीन जागा बघितल्यात:

मंगळवार पेठेत मिरजकर तिकटीजवळ, जुनी इमारत, दुसरा मजला, लिफ्ट नाही.
आर. के. नगरला नव्या इमारतीत मोठा फ्लॅट, लिफ्ट, खाली खेळायला जागा. भाडं पेठेइतकंच, जागा जवळजवळ दीडपट.
नागाळा पार्कात बंगल्याचा तळमजला, पुढे छोटी बाग. कोर्टात नवरा चालत जाऊ शकेल. भाडं त्या भागाच्या मानानं कमी सांगितलंय.

नवऱ्याचा जीव तिसऱ्यावर आहे, माझा दुसऱ्यावर. मुलांच्या दृष्टीनं काय बरं पडेल ते इथल्या राहणाऱ्यांनी सांगावं. मुलगी ठाण्यात फुटबॉल खेळते, तेही सुटू नये अशी इच्छा आहे.

मंगळवारपेठकर

वहिनी, कोल्हापुरात स्वागत. मी जन्मापासून मंगळवार पेठेत आहे, त्यामुळे माझा कौल कुठं जाणार हे धरूनच वाचा.

पेठेत मूल एकट्या आईबापाच्या नजरेखाली वाढत नाही. माझी मुलगी तिसरीपासून शाळेला चालत जाते. वाटेत किराणावाले, पिठाची गिरणी, तालमीचा कट्टा, सगळे तिला नावानं ओळखतात. एखाद्या दिवशी ती नेहमीच्या वेळेला दिसली नाही तर गिरणीवाले मामाच फोन करून विचारतात, आज पोरीला बरं नाही काय. हे विकत मिळत नाही.

तालीम म्हटलं की बाहेरगावच्या माणसाला फक्त कुस्ती आठवते. इथं गल्लीचा गणपती तालमीत, शिवजयंती तालमीत, मोहरमचे पंजेही कित्येक तालमींत बसतात, आणि पुराच्या दिवसांत जेवणाचे डबे तिथूनच निघतात. पोरं हे सगळं बघत मोठी होतात. फुटबॉलचं तर विचारूच नका. शाहू स्टेडियम तुमच्या त्या घरापासून चालत. हंगाम सुरू झाला की पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ यांच्या सामन्याला अख्ख्या पेठा लोटतात. मुलीही आता खेळतात, लेकीला घेऊन या, मी ओळख करून देतो.

खासबागचं कुस्ती मैदान शाहू महाराजांनी 1912 मध्ये बांधलेलं, तेही तिथंच. केशवराव भोसले नाट्यगृह त्याला लागून, 2024 च्या ऑगस्टमध्ये आगीत जळालं तेव्हा आमच्या गल्लीतली म्हातारी माणसं रस्त्यावर उभी राहून रडत होती. करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासूनचं, तेही चालत. सहावीतल्या मुलीला यातल्या प्रत्येक ठिकाणी तुमच्याशिवाय जाता येईल.

आता जे वाईट आहे तेही सांगतो. मुख्य विसर्जन मिरवणूक खासबाग, मिरजकर तिकटीकडूनच सुरू होते आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते. आवाज म्हणजे खिडक्यांची तावदानं थरथरतात. लहान मुलाला आणि सासूबाईंना त्या दोन दिवसांत दुसरीकडे न्यावं लागेल. नवरात्रात आणि सुट्टीच्या दिवशी अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्या गाड्यांनी गल्ल्या भरतात. चारचाकी असेल तर लावायला जागा आधी बघा, मग घर बघा. आणि गुडघेदुखीला लिफ्ट नसलेला दुसरा मजला ही गोष्ट हलकी घेऊ नका.

व्हीनस_कॉर्नर

बाकीचं नंतर. आधी नागाळा पार्कातल्या तळमजल्याबद्दल बोलू.

आमचं शाहूपुरीत दुकान आहे. 2005, 2019 आणि 2021, तिन्ही वेळा पाणी आत आलं. त्यामुळे कोल्हापुरात घर बघताना मी पहिल्यांदा नदी बघतो.

पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका. 2019 आणि 2021 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. जुलै-ऑगस्टमध्ये हे आकडे इथं घराघरांत रोज बघितले जातात, तुम्हालाही सवय लागेल. नदीचं पाणी समोरून येतं असं नव्या माणसाला वाटतं, पण शहरात ते जयंती नाल्यातून उलटं वर चढतं. म्हणून नदीपासून लांब वाटणाऱ्या दसरा चौक, व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत पाणी येतं.

नागाळा पार्क हे एकच नाव असलं तरी जमीन एका पातळीची नाही. वरचा भाग कोरडा राहतो. खानविलकर पेट्रोल पंपाकडचा आणि रमणमळ्याकडचा उतार पाण्यात जातो. बंगल्याचा तळमजला, बाग, कोर्ट चालत, आणि तरीही भाडं कमी, म्हणजे मला तरी तो उतारावरचा वाटतो. मालकाला विचारू नका. शेजारच्या दोन घरी विचारा, 2019 ला पाणी कुठपर्यंत होतं. दूधवाला, इस्त्रीवाला नेमकं सांगतो. भिंतीवर खूण बहुतेक ठिकाणी अजून असते, नवीन रंग फक्त खालच्या चार-पाच फुटांना दिला असेल तर समजून घ्या. पूररेषेचे नकाशेही बघता येतात. निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येईल एवढ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येईल एवढ्या पुराची. पण 2019 नंतर लगेच 2021 आलं, तेव्हा रेषेच्या जरा बाहेर आहोत म्हणून निर्धास्त राहू नका.

पुरात घर सोडताना मोठी माणसं सामान उचलतात. मुलांना काय होतं ते कुणी विचारत नाही. माझा पुतण्या 2019 ला सात वर्षांचा होता. पुढची दोन वर्षं पाऊस जोरात लागला की तो दप्तर उचलून माळ्यावर ठेवायचा. म्हणून सांगतो, लहान मुलं असतील तर उतारावरचा तळमजला फुकट मिळाला तरी घेऊ नका.

आणि हेही लक्षात ठेवा की 2019 ला पूर न आलेल्या घरांनाही पूर लागला. नदीकाठचे उपसा पंप बुडाले, त्यामुळे उंचावरच्या पेठांतही नळ कोरडे. शिरोलीजवळ महामार्ग बंद, त्यामुळे भाजी, दूध, पेट्रोल सगळ्याची ओढाताण. तेव्हा कुठंही राहा, जुलैच्या सुरुवातीला घरात पंधरवड्याचं सामान आणि औषधं भरून ठेवायची.

खाडीकाठची

दादा, हे वाचून अंगावर काटा आला. नवऱ्याला लगेच दाखवलं. त्यानं शेजारी चौकशी केली, पाणी कंबरेच्या वर होतं म्हणाले. तिसरी जागा कटाप. मनापासून आभार.

आता पेठ आणि आर. के. नगर.

माळावरचं_घर

ताई, मी आर. के. नगरला बारा वर्षं राहते, मुलं आता नववी आणि चौथीत. इथं काय आहे ते सांगते.

उंच माळ असल्यामुळे पुराची भीती नाही. हवा मोकळी, वारा भरपूर, उन्हाळ्यातही रात्री गार. इमारतीखाली संध्याकाळी वीस-पंचवीस पोरं असतात आणि अंगणात गाडी येत नाही, त्यामुळे लहान मुलगा अगदी मजेत राहील. सुट्टीच्या दिवशी सकाळी विद्यापीठाच्या परिसरात फिरायला जायचं, मोर बघायचे, हे आमच्या मुलांचं ठरलेलं. पहिलीतल्या मुलासाठी मी हाच भाग सुचवीन.

आता पाणी. आर. के. नगर, पाचगाव, मोरेवाडी हा भाग महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे. काळम्मावाडी धरणाची थेट पाइपलाइन 2023 च्या दिवाळीत शहरात आली म्हणून सगळीकडे आनंद झाला, पण ते पाणी शहराचं. आमच्याकडे योजनेचं पाणी एक दिवस येतं, मग काही दिवस नाही. बोअर आणि टँकर यावर इमारती चालतात. मार्च ते जून टँकरची वर्गणी भाड्याच्या वर द्यावी लागते, ती घरमालक सांगत नाही. तुमच्या इमारतीची टाकी केवढी, बोअर एप्रिलमध्ये चालू असते का, टँकरचे पैसे कोण देतं, हे तीन प्रश्न तिथल्या रखवालदाराला आणि एका बिऱ्हाडाला विचारा.

दुसरं म्हणजे मी दिवसाला चार फेऱ्या मारते. एकाची शाळा, दुसऱ्याची शाळा, क्लास, परत क्लास. बस आहे, पण मुलीला एकटीला संध्याकाळी बसनं पाठवावं इतकी भरवशाची नाही. शेंडा पार्ककडचा रस्ता अंधार पडल्यावर सुनसान होतो, तिथून सायकलवर पोरीला येऊ देणं मला जमत नाही. तुम्ही घरून काम करता म्हणताय, तर या फेऱ्या तुमच्याच वाट्याला येणार. नवरा कोर्टातून सहाच्या आत सुटणार नाही.

गुंठाभर

हद्दीचा मुद्दा नव्या माणसाला कळावा म्हणून थोडं लिहितो. कोल्हापूरची नगरपालिका 1972 मध्ये महापालिका झाली, पण हद्द तेव्हापासून वाढलेली नाही. शहर मात्र कळंबा, पाचगाव, मोरेवाडी, उचगाव, उजळाईवाडी असं सगळीकडे पसरलं. शहराला हद्दवाढ हवी, गावांना घरफाळा वाढेल म्हणून नको, हा वाद माझ्या लहानपणापासून ऐकतोय. मध्ये 2017 ला 42 गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण केलं, बांधकाम परवानग्या तिकडे गेल्या.

भाडेकरूला याचा अर्थ एवढाच: रस्त्यावरचा दिवा बंद पडला, कचरा उचलला नाही, कुत्री वाढली, तर हद्दीच्या आत महापालिकेकडे जायचं, बाहेर ग्रामपंचायतीकडे. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळे कारभार असतात. पुढे विकत घ्यायची वेळ आली तर सातबारा, बिगरशेती आदेश आणि प्राधिकरणाची परवानगी बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. गुंठेवारीतल्या स्वस्त जागांत अडकलेली कुटुंबं मी रोज बघतो.

फळा_खडू

मी प्राथमिक शाळेत शिकवते. माझं म्हणणं असं की तुम्ही घर निवडता आहात, पण आधी शाळा निवडायला हवी.

मुलगा पहिलीत आणि मुलगी सहावीत, म्हणजे दोन वेगळ्या वेळा. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवू नयेत असा शासनाचा 2024 चा निर्णय आहे. सहावीचा वर्ग अनेक शाळांत सकाळच्या सत्रात, सातच्या सुमाराला भरतो. एक मूल सातला, दुसरं नऊनंतर, सुटायच्या वेळाही वेगळ्या. शाळा चालत असेल तर काही बिघडत नाही. सहा-सात किलोमीटरवर असेल तर आईचा सगळा दिवस त्यात जातो. रिक्षामामा किंवा स्कूलबस लावाल, पण रिक्षात मुलं किती भरतात ते स्वतः उभं राहून बघा. पहिलीतलं पोर चालकाशेजारी अर्ध्या सीटवर बसलेलं मी रोज बघते आणि मला ते सहन होत नाही.

माध्यम काय हवं ते लिहिलं नाहीत. मराठी किंवा सेमी चालणार असेल तर कोल्हापुरात अजूनही फार चांगल्या शाळा आहेत, हे मी अभिमानानं सांगते. जरगनगरची महापालिकेची लक्ष्मीबाई जरग विद्यामंदिर बघा. गुढीपाडव्याला प्रवेश असतात आणि पालक आदल्या रात्रीपासून रांगेत बसतात. सरकारी शाळेसाठी अशी रांग महाराष्ट्रात किती ठिकाणी लागते? तुम्ही मेमध्ये येणार, तोवर तिथले प्रवेश झालेले असतील, तेव्हा नवऱ्याला आत्ताच चौकशीला पाठवा. लीलाताई पाटील यांनी 1985 मध्ये सुरू केलेलं सृजन आनंद विद्यालयही जाऊन बघा. तिथं मुलं प्रश्न विचारत शिकतात. सहावीच्या मुलीसाठी मोठी हायस्कुलं शहरात आहेत, त्यांतल्या कित्येकांना मैदान आहे, आणि फुटबॉलसाठी मैदान असलेली शाळाच घ्या.

ठाण्याच्या शाळेतून दाखला एप्रिलच्या शेवटी मागा, मे उजाडला की कार्यालयात माणूस सापडत नाही. ऑनलाइन नोंद तिकडच्या शाळेनं सोडल्याशिवाय इकडे नाव चढत नाही, तेही पाठपुरावा करून घ्या.

उजळाईवाडी_नाका

मंगळवारपेठकर दादांचा मान राखून थोडं वेगळं लिहितो. मी शिवाजी पेठेत वाढलो, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत नोकरी, आणि मुलगा झाल्यावर मुद्दाम बाहेर पडलो.

आम्ही लहान होतो तेव्हाची गल्ली आणि आजची गल्ली एक नाही. तेव्हा गल्लीत चार लुना आणि एक स्कूटर होती. आज प्रत्येक दारात तीन दुचाक्या, आणि उरलेल्या बोळातून पोरं सुसाट गाड्या मारतात. क्रिकेटचा स्टंप ठेवायला जागा नाही. मुलाला दम लागायचा, डॉक्टरांनी धूळ आणि धूर टाळा सांगितलं. इकडे आल्यावर दोन पावसाळ्यांत त्याचा दम्याच्या औषधाचा पंप सुटला. पेठेतलं प्रेम खरं आहे, मी अजून दर रविवारी जातो. पण फुप्फुसं बरी राहण्यासाठी मला लांब यावं लागलं, आणि ज्यांच्या मुलांना असा त्रास आहे त्यांनी हा विचार आधी करावा.

मंगळवारपेठकर

गाड्यांचं म्हणणं पटतं. आमच्या गल्लीत आम्ही शाळा सुटायच्या वेळेला दोन माणसं तोंडाशी उभी करतो, म्हणून निभावतं. सगळ्या गल्ल्यांत हे होत नाही.

पाचगावची_पोर

मी या धाग्यावर सगळ्यात लहान असेन, पण लिहिते, कारण इथं सगळे आईबाबाच बोलतायत.

मी पाचगावला वाढले. घर मोठं, टेरेस, समोर माळ. दहा वर्षांची होईपर्यंत याहून चांगलं काही नव्हतं. चिंचा पाडल्या, पतंग उडवले, सायकल शिकले. सहावी-सातवीपासून चित्र बदललं. माझ्या शाळेतल्या मैत्रिणी राजारामपुरीत आणि प्रतिभानगरात राहायच्या. शाळा सुटल्यावर त्या एकमेकींच्या घरी जायच्या, टाकाळ्याच्या बागेत बसायच्या, एकत्र क्लासला जायच्या. मला मात्र आई न्यायला यायची आणि आम्ही थेट घरी. कुठल्याही वाढदिवसाला आधी आईची वेळ बघायची, मग हो म्हणायचं. नाटकात भाग घेतला तर तालमीला कोण सोडणार इथपासून सुरुवात. आईनं कधी तक्रार केली नाही, पण तिच्या पाठीच्या दुखण्याला गाडीच्या फेऱ्याही कारण आहेत हे मला आता कळतं.

गाडी चालवायला लागले त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की कोल्हापूर माझं आहे. राजारामपुरीतल्या मैत्रिणीला ते अकराव्या वर्षीच वाटत होतं.

तुमचा मुलगा सहाचा आणि मुलगी अकराची. त्याला अंगण हवंय, तिला रस्ता हवाय. तुम्ही सगळे अंगणाचाच विचार करताय असं मला वाटलं, म्हणून लिहिलं.

माळावरचं_घर

बाळा, तुझं वाचून माझ्या नववीतल्या मुलीला दाखवलं. ती म्हणाली, आई, मी हेच म्हणत होते. आज रात्री आम्ही बसून बोलणार आहोत.

खाडीकाठची

पाचगावच्या पोरी, तुझे आभार कसे मानू. मी मुलीला विचारलंच नव्हतं. काल विचारलं. तिनं एकच सांगितलं, ‘मला तिकडे मैत्रिणी नसतील, तर निदान खेळायला एकटीला जाता येऊ दे.’

माध्यम सेमी चालेल, मराठीही चालेल. नवरा शनिवारी जरगनगरच्या शाळेत जाऊन येतोय. आर. के. नगरचा फ्लॅट आता मनातून उतरलाय, टँकरमुळे कमी आणि फेऱ्यांमुळे जास्त. पण पेठेतला दुसरा मजला सासूबाईंना झेपणार नाही. त्या म्हणतात माझ्यासाठी अडू नका. पण त्या एकदा वर चढल्या की महिनाभर खाली उतरणार नाहीत, हे मला दिसतंय. मधलं काही आहे का?

देवकर_पाणंद

आहे की! आणि एवढा वेळ कुणी नाव घेतलं नाही याचं नवल वाटतं.

पेठा आणि हद्दीबाहेरची गावं यांच्या मध्ये शहराचा एक मोठा पट्टा आहे. संभाजीनगर, जरगनगर, जवाहरनगर, साळोखेनगर, देवकर पाणंद, आपटेनगर एका अंगाला. टाकाळा, राजारामपुरी, प्रतिभानगर, सम्राटनगर दुसऱ्या अंगाला. हे सगळं हद्दीच्या आत, महापालिकेच्या पाण्यावर, उंचावर. बंगल्यांच्या कॉलन्या आणि चार मजली लिफ्टवाल्या इमारती दोन्ही मिळतात. राजारामपुरीत भाडं चढं आहे. संभाजीनगर, जरगनगरकडे पेठेच्या आसपास पडेल.

आम्ही संभाजीनगरला आलो तेव्हा मुलं तुमच्या मुलांएवढीच होती. इथून मंगळवार पेठ सायकलवर. केएमटी, म्हणजे शहराची बस, वारंवार, कारण इथून बऱ्याच फेऱ्या जातात. कळंबा तलाव एका बाजूला, रंकाळा दुसऱ्या बाजूला. सासूबाईंसाठी म्हणाल तर कॉलनीत विठ्ठलाचं नाहीतर दत्ताचं देऊळ असतंच, दुपारी भजनी मंडळ, आणि भाजी दारावर येते. म्हाताऱ्या माणसाला बोलायला माणूस मिळणं हे लिफ्टइतकंच महत्त्वाचं आहे. मोठ्या नव्या सोसायटीत दिवसभर सगळे कामाला, दारं बंद, माझ्या आईनं तशा ठिकाणी एक वर्ष काढलं आणि ती बोलायचीच कमी झाली. इथं आल्यावर सकाळी देवळात जाते ती अकराला घरी.

थेट पाइपलाइनचं पाणी आलं तरी नळ रोज ठरल्या वेळेला येईलच असं समजू नका. पंप किंवा वाहिनी बिघडली की दोन-चार दिवस ओढ बसते. खाली टाकी असलेली इमारत घ्या.

आणि कमी आहे तेही सांगते. पेठेसारखी तालीम इथं नाही, तो जिव्हाळा तयार व्हायला वेळ लागतो. पहिलं वर्ष मुलं कंटाळतात. मी दर शनिवारी माझ्या मुलाला पेठेतल्या मामाकडे पाठवायचे. तुमचं कुणी नाही म्हणताय, तर फुटबॉलच्या निमित्तानं लेकीला पेठेशी जोडून द्या, बाकीचं ती बघेल.

उजळाईवाडी_नाका

हे मला पटलं. मधल्या पट्ट्यात एका गोष्टीची खात्री करा, घर मुख्य रस्त्याला लागून नको. आतल्या दुसऱ्या-तिसऱ्या गल्लीत घ्या. धूळही कमी आणि पोराला रस्ता न ओलांडता खेळता येतं.

व्हीनस_कॉर्नर

आणि नाल्याच्या कडेचं नको. मधल्या पट्ट्यात नदीचा पूर नाही, पण ओढ्या-नाल्यांच्या काठी मोठ्या पावसात तासाभरात पाणी चढतं.

खाडीकाठची

नवरा आज जाऊन आला. जरगनगरच्या शाळेत पाडव्याच्या प्रवेशाची माहिती मिळाली, मुलासाठी रांगेत बसायची त्याची तयारी आहे. मुलीसाठी पेठेतल्या दोन हायस्कुलांची नावं काढलीत, दोन्हींना मैदान आहे. संभाजीनगर आणि जरगनगरच्या मध्ये तीन घरं बघितली. एक आवडलंय, पहिला मजला, लिफ्ट आहे, आतली गल्ली. मालक म्हणतात पाणी चोवीस तास. पुढच्या शनिवारी आम्ही सगळेच येतोय, मुलांनाही आणि सासूबाईंनाही घेऊन. अजून काय बघू?

देवकर_पाणंद

चोवीस तास म्हणजे वरच्या टाकीचं, नळाचं नाही. नळ किती वाजता सोडतात ते शेजारणीला विचारा, आणि पहाटेचा असेल तर टाकीत चढवायचं काम कोण करतं तेही विचारा.

फळा_खडू

शनिवारी शाळा सकाळची असते. म्हणून शुक्रवारीच या, आणि संध्याकाळी शाळा सुटायच्या वेळेला त्या घरापासून मुलाच्या शाळेपर्यंत त्याचा हात धरून चाला. कुठं ओलांडावं लागतं, फुटपाथ कुठं संपतो, गाड्या कुठून वळतात ते त्याच्याच उंचीवरून बघा. मुलीला मात्र तिच्या शाळेपर्यंतची वाट तिला स्वतःला शोधू द्या, तुम्ही चार पावलं मागं राहा.

गुंठाभर

करार अकरा महिन्यांचा आणि नोंदणीकृतच करा, शाळेला आणि गॅसला तोच पत्ता लागतो. पाणीपट्टी कोण भरणार हे त्यात लिहून घ्या.

मंगळवारपेठकर

शुक्रवारी येताय तर लेकीचे बूट बरोबर आणा. शनिवारी सकाळी सात वाजता मिरजकर तिकटीला या, आमच्या पेठेतल्या मुली सरावाला असतात. नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवलाय. सासूबाईंना दुधाचा कट्टा दाखवायचा असेल तर संध्याकाळी गंगावेशला नेतो, समोर म्हैस पिळून ग्लास देतात, जिना चढावा लागत नाही.